घरगुती होमस्टे आणि पाहुण्यांचे ऑनलाइन अभिप्राय : इंदूरच्या यजमानांसाठी

ऑक्टोबर २०२२ मध्ये उज्जैनला महाकालेश्वर मंदिराभोवतीचा महाकाल लोक हा नवा परिसर खुला झाला आणि इंदूरला मुक्काम करून पुढे जाणाऱ्या यात्रेकरूंची वर्दळ नजरेत भरण्याइतकी वाढली. विमान इंदूरला उतरते. उज्जैन इथून सुमारे ५५ किलोमीटर, ओंकारेश्वर ८० च्या आसपास आणि महेश्वर ९० च्या वर आहे, त्यामुळे एकाच घरी सामान ठेवून तिन्ही ठिकाणे करणे पाहुण्यांना सोयीचे पडते. जानेवारी २०२३ मध्ये प्रवासी भारतीय दिवसाच्या निमित्ताने ‘पधारो म्हारे घर’ या उपक्रमात इंदूरकरांनी परदेशस्थ पाहुण्यांना आपापल्या घरी उतरवून घेतले होते. राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, सुदामानगर या भागांत मुले पुण्याला, बंगळूरला किंवा परदेशात स्थायिक झालेली आणि वरचा मजला रिकामा, अशी मराठी घरे आढळतात. त्यांपैकी काहींनी एक-दोन खोल्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली आहे, तर उज्जैनचा २०२८ चा सिंहस्थ डोळ्यांसमोर ठेवून आणखी काही जण तयारीला लागले आहेत. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या बेड अँड ब्रेकफास्ट योजनेत मालकाने त्याच घरात राहणे आवश्यक असते आणि जास्तीत जास्त ६ खोल्या देता येतात, म्हणजे हा व्यवसाय मुळातच घरगुती आकाराचा आहे. अशा यजमानांना सर्वांत जास्त बोचणारी आणि सर्वांत कमी समजावून सांगितली जाणारी बाब म्हणजे पाहुणे निघून गेल्यावर ऑनलाइन लिहितात ते अभिप्राय. ते कसे घडतात, कसे मागावेत, वाईट अभिप्रायाला काय उत्तर द्यावे आणि खोट्या अभिप्रायाचे काय करावे, हे या लेखात क्रमाने मांडले आहे.

एक गोष्ट आरंभीच पक्की करून ठेवावी. अभिप्राय लिहिणारा पाहुणा निघून गेलेला असतो; तो वाचणारा पाहुणा अजून यायचा असतो. आपण जे काही करायचे ते या दुसऱ्या माणसासाठी. लिहिणाऱ्याशी हिशेब चुकता करण्याच्या भरात वाचणारा हातचा जातो, आणि लहान घरांचे नुकसान बहुतेक वेळा इथेच होते.

एका स्टारचे वजन

मोठ्या हॉटेलला नाव असते, पाटी असते, स्टेशनवरच्या रिक्षावाल्याला ते ठाऊक असते. दोन खोल्यांच्या घराला यांतले काहीच नसते. अनोळखी माणसाला आपली ओळख करून देणारे असे त्याच्याजवळ फक्त मागच्या पाहुण्यांचे शब्द असतात. हार्वर्डमधील मायकेल लुका यांनी २०११ मध्ये सिएटलच्या उपाहारगृहांचा अभ्यास मांडला. येल्प या ग्राहकांच्या अभिप्रायांच्या संकेतस्थळावर एक स्टार वाढला की स्वतंत्र मालकीच्या उपाहारगृहांचे उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढते, साखळी उपाहारगृहांवर मात्र असा परिणाम दिसत नाही, असे त्यांना आढळले. तो अभ्यास उपाहारगृहांचा असला तरी त्यामागचे कारण होमस्टेलाही लागू पडते : ज्याचे नाव आधीपासून माहीत नाही, त्याच्याबाबतीत लोक इतरांच्या सांगण्यावर अवलंबून राहतात.

शिवाय संख्येचा प्रश्न आहे. एखाद्या हॉटेलचे ५०० अभिप्राय असतील आणि सरासरी ४.८ असेल, तर त्यात एक स्टारचा एक अभिप्राय मिळवून सरासरी ४.७९ वर येते. कुणाच्या लक्षातही येत नाही. आपल्याकडे मात्र पाच-पाच स्टारचे ४ अभिप्राय असताना पाचवा पाहुणा एक स्टार देऊन गेला, तर सरासरी थेट ४.२ होते. ती ४.८ वर आणायला पाच स्टारचे एकूण १९ अभिप्राय लागतात, म्हणजे आणखी १५. महिन्याला दोन-तीनच मुक्काम होणाऱ्या घरात, आणि त्यातही प्रत्येक जण अभिप्राय लिहीत नसताना, हा रस्ता वर्षभराचा होऊ शकतो. तीन स्टारचा एक अभिप्राय भरून काढायला पाच स्टारचे ९ लागतात, चार स्टारचा असेल तर ४ पुरतात. हे गणित घाबरवण्यासाठी सांगितलेले नाही. सुरुवातीच्या आठ-दहा मुक्कामांना सर्वांत जास्त लक्ष का द्यावे आणि त्या काळात भाडे थोडे कमी ठेवणे का परवडते, हे त्यावरून स्पष्ट होते.

४.८ हा आकडा मुद्दाम घेतला आहे. घरातल्या खोल्या पाहुण्यांना देण्याच्या एअरबीएनबी या संकेतस्थळावर सुपरहोस्टचा, म्हणजे उत्तम यजमानाचा, दर्जा मिळवायला इतर अटींबरोबर एवढी सरासरी लागते. त्या संकेतस्थळावर बहुतेक सगळ्याच घरांचे रेटिंग उंच असते. २०१५ मध्ये झालेल्या एका मोठ्या पाहणीत जवळजवळ ९५ टक्के घरांची सरासरी साडेचार किंवा पाच स्टार निघाली होती. पण आपल्याकडचा ज्येष्ठ पाहुणा गुणपत्रिकेच्या हिशेबाने विचार करतो. पाचपैकी चार म्हणजे ८० टक्के, उत्तम गुण, अशा समजुतीने तो अगदी आनंदाने चार स्टार देऊन जातो. त्याचा राग धरू नये आणि त्याला स्टारांचे राजकारणही समजावत बसू नये. त्याने सोबत लिहिलेली चार चांगली वाक्ये पुढच्या पाहुण्याला त्या आकड्यापेक्षा जास्त सांगून जातात.

कोठे कोणाला लिहिता येते

सगळीकडचे नियम सारखे नसल्यामुळे आपली खोली जिथे जिथे नोंदवली असेल तिथली पद्धत माहीत हवी. एअरबीएनबीवर मुक्काम संपल्यापासून १४ दिवसांत पाहुणा आणि यजमान दोघांनाही एकमेकांविषयी लिहिता येते, आणि दोघांचे लिहून होईपर्यंत किंवा मुदत संपेपर्यंत एकाचे दुसऱ्याला दिसत नाही. म्हणून पाहुण्याने काय लिहिले असेल या अंदाजाने आपण लिहू नये. जे घडले ते सौजन्याने आणि खरे लिहावे, कारण आपले शब्द पुढच्या यजमानाच्या उपयोगी पडणार असतात. बुकिंग डॉट कॉमवर गुण १० पैकी असतात आणि त्यांच्यामार्फत आरक्षण केलेल्यालाच अभिप्राय देता येतो. गूगल मॅप्सचे तसे नाही. तिथे खाते असलेला कोणीही लिहू शकतो, तो आपल्या घरी राहिलेला असो वा नसो. आपल्या बिझनेस प्रोफाइलची, म्हणजे गूगलवरच्या आपल्या व्यवसायाच्या नोंदीची, मालकी पडताळून घेतल्याशिवाय तिथे यजमान म्हणून उत्तर देता येत नाही, त्यामुळे हे काम पहिला वाईट अभिप्राय येण्याची वाट न पाहता आधीच करून ठेवावे. अनेक पाहुणे खोली एका संकेतस्थळावर पाहतात आणि खात्री मात्र गूगलवर करतात.

अभिप्राय वर्णनापासून सुरू होतो

नाराजीचे अभिप्राय सावकाश वाचले तर एक गोष्ट दिसते : पाहुण्याला गैरसोय जितकी खुपते, त्याहून जास्त आधी न कळलेली गैरसोय खुपते. तीन जिने चढावे लागतात हे ज्याने वाचलेले आहे, तो पाठीवर बॅग टाकून निमूट चढतो. ज्याला ते दारात आल्यावर कळते, त्याच्याबरोबर गुडघे दुखणारी आई असते आणि तिथेच त्याचा एक स्टार गळतो. म्हणून संकेतस्थळावर घराचे वर्णन लिहिणे हे अभिप्राय सांभाळण्यातले सर्वांत मोठे काम आहे आणि त्याला निवांत वेळ द्यावा.

अंतरे खरी लिहावीत. ‘राजवाडा १० मिनिटांवर’ असे वाक्य सर्रास दिसते. ते रात्री अकरा वाजता स्कूटरवर खरे असेलही, पण संध्याकाळच्या गर्दीत कॅबने जाणाऱ्याला ते खोटे वाटते. त्याऐवजी किलोमीटर सांगावेत आणि ‘सकाळी इतका वेळ, संध्याकाळी इतका’ असे दोन आकडे द्यावेत. उज्जैनच्या बाबतीत तर हे फारच जपावे, कारण उज्जैनला राहायचे असताना केवळ स्वस्त पडते म्हणून इंदूरला उतरलेला पाहुणा पहाटेच्या प्रवासाने वैतागतो आणि तो वैताग आपल्या ठिकाणाच्या गुणांमध्ये उतरवतो.

पाण्याविषयी स्पष्ट लिहावे. इंदुरात नर्मदेचे पाणी बहुतेक वस्त्यांत एक दिवसाआड येते, बाकीचा वापर बोअरिंगवर चालतो, आणि बोअरिंगच्या जड पाण्याने साबणाला फेस कमी येतो किंवा केस राठ होतात ही तक्रार मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांकडून येऊ शकते. पिण्यासाठी कोणते पाणी ठेवले आहे, अंघोळीसाठी कोणते, आणि गरम पाणी सौर बंबाचे आहे की गिझरचे, एवढे तीन ओळींत लिहून टाकले की तो विषय मिटतो.

सराफ्याचा खाऊ बाजार रात्री सुरू होतो आणि मध्यरात्रीनंतरही गजबजलेला असतो. इंदूरला आलेला पाहुणा तिथे जाणार, भुट्ट्याचा कीस, थंडी असेल तर गराडू हा तळलेला कंद खाणार आणि एक वाजता परतणार, हे गृहीत धरावे. आपण दहाला फाटकाला कुलूप लावत असाल तर ते वर्णनात लिहा आणि रात्रीच्या किल्लीची सोय करा. ‘रात्री फाटक उघडायला काका चिडले’ या एका वाक्याने जेवढे गिऱ्हाईक जाते तेवढे जुन्या पडद्यांनी जात नाही. रंगपंचमीला राजवाडा परिसरात गेर म्हणजे रंगांची मिरवणूक निघते, अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्या म्हणजे सजवलेले चित्ररथ निघतात. त्या दिवशी मध्य इंदुरात गाडी जात नाही. या तारखांना आरक्षण केलेल्यांना आठवडाभर आधी निरोप पाठवावा. जे पाहुणे खास त्यासाठी येत असतील ते खूश होतात आणि ज्यांना कल्पना नसते ते आपला कार्यक्रम बदलतात.

स्वयंपाकघर शाकाहारी आहे, घरात कुत्रा आहे, सकाळी कचरागाडीचे गाणे वाजत येते, दुपारी आजोबा झोपतात म्हणून टीव्ही हळू लावावा लागतो : हे सगळे लिहावे. काही पाहुणे ते वाचून येणार नाहीत. ते आले असते तरी नाराज होऊन गेले असते, आणि लहान घराला रिकामी रात्र परवडते पण चुकीचा पाहुणा परवडत नाही, असे माझे ठाम मत आहे. छायाचित्रांनाही हाच न्याय लावावा. कोपऱ्यात उभे राहून मोठ्या कोनातून काढलेल्या फोटोत दहा बाय दहाची खोली दिवाणखान्यासारखी दिसते, आणि पाहुणा दार उघडतो त्या क्षणापासून आपण माफी मागण्याच्या स्थितीत येतो.

मुक्कामातला पहिला तास आणि पहिली संध्याकाळ

जी तक्रार तोंडी सांगितली जाते आणि तासाभरात मिटते, ती सहसा इंटरनेटवर जात नाही. अडचण अशी की आपल्याकडचे पाहुणे यजमानाच्या तोंडावर बोलायला संकोचतात. ‘सगळे ठीक आहे ना?’ असे विचारले की ‘हो हो, छान आहे’ हेच उत्तर येते. म्हणून प्रश्न नेमका विचारावा : गिझर सुरू झाला का, पंख्याचा आवाज होतो का, उशी उंच वाटते का, वायफाय खोलीत मिळते का. पहिल्या संध्याकाळी चहा देताना हे विचारले तर चुकलेले दुरुस्त करायला अख्खी रात्र हातात असते.

उज्जैनच्या महाकालेश्वर मंदिरातल्या भस्म आरतीला जाणाऱ्या पाहुण्यांची तऱ्हा वेगळी असते, आणि इंदूरच्या यजमानाला ती नीट कळायला हवी. आरती पहाटे चारला असते, मंदिरात त्याच्या बऱ्याच आधी पोहोचावे लागते, म्हणजे घरातून मध्यरात्रीनंतर निघणे आले. त्या वेळी त्यांना अंघोळीला गरम पाणी, जिन्यात दिवा आणि फाटकाची किल्ली लागते. आपण भाड्यात न्याहारी धरलेली असते, पण सकाळी आठला पोहे-जिलबी वाढायच्या वेळी ते उज्जैनला असतात. ‘न्याहारीचे पैसे घेतले, दिली नाही’ असा अभिप्राय येथून जन्माला येतो. आदल्या रात्री डब्यात काही कोरडे बांधून द्यावे, नाहीतर परत आल्यावर अकरा वाजता गरम पोहे मिळतील असे आधीच सांगावे. पोहे वाफवून ठेवायला कष्ट फार नाहीत. वर शेव, कांदा आणि चिमूटभर जिरावण मसाला आयत्या वेळी घालता येते. थकून परतलेल्या माणसाला मिळालेली ही बशी तो लिहिताना विसरत नाही.

अभिप्राय मागावा कसा

मागायला लाजू नये, पण मागण्याची एक रीत आहे. निघताना दारात मोबाइल पुढे करून ‘पाच स्टार द्या’ म्हणणे पाहुण्याला अवघड करते. घरी पोहोचल्यावर, दुसऱ्या दिवशी, एक छोटा निरोप पाठवावा : ‘आपण सुखरूप पोहोचला असाल. आमच्याकडचा मुक्काम कसा वाटला ते जिथून आरक्षण केले होते तिथे चार ओळींत लिहिलेत तर नव्या पाहुण्यांना ठरवायला मदत होईल. काही कमी वाटले असेल तर तेही लिहावे.’ यापुढे दुसरा निरोप नको. थेट ओळखीतून आलेल्यांना गूगल प्रोफाइलचा दुवा पाठवता येतो; त्याचा क्यूआर कोड छापून खोलीत ठेवला तरी चालते.

अभिप्रायाच्या बदल्यात काहीही देऊ नये, अगदी पुढच्या मुक्कामाची सवलतसुद्धा नाही. गूगलच्या नियमांत मोबदल्याचे अभिप्राय बसत नाहीत, आणि ज्याला आवडले त्यालाच दुवा पाठवायचा व नाराज दिसणाऱ्याला टाळायचे ही युक्तीही तिथे निषिद्ध आहे. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक आणले. विकत घेतलेले किंवा पुरवठादारानेच लिहवून घेतलेले अभिप्राय त्याला मान्य नाहीत. मराठी मंडळींत आणखी एक मोह असतो : मावसबहीण, साडू, मंडळातले चार जण यांच्याकडून गूगलवर पाच-पाच स्टार लिहवून घेणे. त्यांचा हेतू प्रेमाचा असतो, पण एकाच आठवड्यात आलेले, एकाच शहरातले, ‘फारच सुंदर, नक्की भेट द्या’ अशा साच्याचे अभिप्राय अनोळखी वाचकाला लगेच कळतात आणि खऱ्या पाहुण्यांनी लिहिलेल्या चांगल्या शब्दांवरचाही विश्वास उडतो. नातेवाइकांना मदत करायचीच असेल तर त्यांनी एक रात्र खोलीत झोपून बघावे आणि काय खटकते ते आपल्याला घरात सांगावे.

वाईट अभिप्रायाला उत्तर

इथे थोडे सावकाश जाऊ. असा अभिप्राय आला असे धरा :

‘खोली स्वच्छ होती, काकू प्रेमळ आहेत. पण चोवीस तास गरम पाणी असे लिहिले होते आणि भस्म आरतीला जायचे म्हणून रात्री एकला उठलो तर नळाला गार पाणी. लहान मुलाला तशीच अंघोळ घालावी लागली.’ तीन स्टार.

घरात हे वाचल्यावर काय होते ते सांगायला नको. काकूंनी त्या मुलासाठी मुद्दाम साजूक तुपातला शिरा केलेला असतो. काकांना आठवते की संध्याकाळी त्याच मंडळींनी एकामागून एक अंघोळी करून सौर टाकीतले पाणी संपवले होते. मग उत्तर लिहिले जाते : ‘आमच्याकडे सोलर आहे हे आपल्याला तोंडी सांगितले होते. आपण सहा जणांनी संध्याकाळीच पाणी संपवलेत. चार जणांचे आरक्षण असताना सहा जण आलात तरी आम्ही काही बोललो नाही. आम्ही इतके केले त्याची हीच किंमत.’

यातले प्रत्येक वाक्य खरे असू शकते, तरीही वाचणाऱ्याच्या मनात एवढेच उरते की या घरी गरम पाण्याची खात्री नाही आणि तक्रार केली तर चारचौघांत आपला हिशेब निघतो. शिवाय मूळ मुद्दा, म्हणजे ‘चोवीस तास’ हे शब्द आपणच लिहिले होते, तो तसाच राहतो. त्याऐवजी पुढीलप्रमाणे लिहावे :

‘नमस्कार. पहाटे मुलाला गार पाण्याने अंघोळ घालावी लागली याचे आम्हाला फार वाईट वाटले. आमच्याकडे सौर बंब आहे आणि रात्री उशिरा त्यातले पाणी कमी पडू शकते. वर्णनात चोवीस तास लिहिणे बरोबर नव्हते, ते आम्ही बदलले आहे. वरच्या मजल्यावर आता विजेचा गिझर बसवला आहे, त्यामुळे भस्म आरतीला जाणाऱ्यांना रात्री कधीही गरम पाणी मिळेल. खोलीच्या स्वच्छतेबद्दल लिहिलेत, आभारी आहोत.’

या उत्तरात दिलगिरी एकदाच आहे, कारण एका वाक्यात आहे, काय बदलले ते ठोस आहे आणि पाहुण्याविषयी खासगी असे काही नाही. गिझर प्रत्यक्ष बसवला नसेल तर ते वाक्य लिहायचे नाही. ‘अशा पाहुण्यांना आम्ही आता रात्री बादलीभर गरम पाणी काढून देतो’ असे, जे खरोखर करू शकतो तेवढेच लिहायचे. जादा माणसे आली होती हा मुद्दा पाहुण्याविषयीच्या आपल्या अभिप्रायात किंवा संकेतस्थळाच्या मदत विभागाकडे मांडता येतो, आणि पुढच्या वेळी तो आगमनाच्या क्षणीच बोलायचा असतो.

उत्तर त्याच रात्री लिहू नये. एक रात्र जाऊ द्यावी, सकाळी लिहावे, घरातल्या दुसऱ्या माणसाने मोठ्याने वाचून दाखवावे. मोठ्याने वाचताना टोमणा लगेच ऐकू येतो. फार उशीरही नको : एअरबीएनबीवर जाहीर उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. पाहुण्याने हिंदीत लिहिले असेल तर हिंदीत, मराठीत असेल तर मराठीत उत्तर द्यावे. ठरावीक मसुदा सगळ्यांना चिकटवू नये. ओळीने पाच ठिकाणी ‘आपल्या मौल्यवान अभिप्रायाबद्दल धन्यवाद’ दिसले की कोणीही पुढे वाचत नाही.

अनेक घरांत खाते सांभाळतो पुण्यातला मुलगा किंवा बंगळूरची सून, आणि पाहुण्यांचे करतात इथले आईबाबा. लांबच्या माणसाचे डोके थंड राहते हा फायदा आहे, पण काय घडले ते त्याला ठाऊक नसते. त्याने आधी फोन करून विचारावे, मगच लिहावे. आणि आईला अभिप्राय वाचून दाखवताना जरा जपावे. घर पाहुण्याला दिले तरी ते तिचेच घर असते. ‘चादर जुनी होती’ हे वाक्य हॉटेलचा मॅनेजर नोंदवहीत उतरवून घेतो, तिला मात्र ते संसाराला लावलेले बोल वाटतात. चादर बदलायची आहे एवढेच तिच्यापर्यंत पोहोचले तरी काम भागते, आणि तिच्या हातच्या जेवणाबद्दलची चांगली वाक्ये मात्र शब्दशः वाचून दाखवावीत.

उत्तर देण्याने फरक पडतो का, अशी शंका असेल तर : ट्रिपॲडव्हायजर या प्रवाशांच्या अभिप्रायांच्या संकेतस्थळावरील हॉटेलांचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या हॉटेलांनी उत्तरे द्यायला सुरुवात केली त्यांना १२ टक्के अधिक अभिप्राय येऊ लागले आणि त्यांचे रेटिंग सरासरी ०.१२ स्टारने वाढले. मालक वाचतो आणि उत्तर देतो हे दिसल्यावर उथळ तक्रार लिहिणारे कमी होतात. ज्यांना खरेच काही सांगायचे असते ते अधिक सविस्तर लिहितात.

खोटे अभिप्राय आणि दमदाटी

कधीच न राहिलेल्या माणसाचा एक स्टार गूगलवर येऊ शकतो. हा प्रकार जगभरचा आहे : २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, ज्या हॉटेलांच्या शेजारी स्पर्धक होते त्यांच्याविषयीचे वाईट अभिप्राय, कोणालाही लिहिता येणाऱ्या ट्रिपॲडव्हायजरवर, फक्त ग्राहकांनाच लिहू देणाऱ्या एक्सपीडियाच्या तुलनेत जास्त आढळले होते. अशा वेळी त्या अभिप्रायाची नियमभंगाची तक्रार नोंदवावी आणि तक्रारीत भावना न लिहिता कोणता नियम मोडला ते लिहावे. ‘आम्हाला हे पटत नाही’ या कारणावर कोणतेही संकेतस्थळ अभिप्राय काढत नाही. निकाल लागेपर्यंत खाली दोन ओळी पुरतात : ‘या नावाने आमच्याकडे मुक्काम झाल्याची नोंद नाही. काही गैरसमज असल्यास कृपया संपर्क साधावा.’ पाहुण्यांची नोंदवही तारीखवार नीट ठेवलेली असेल तर हे ठामपणे म्हणता येते.

‘अर्धे पैसे परत करा, नाहीतर एक स्टार देतो’ अशी धमकी आली तर फोनवर बोलणे थांबवावे आणि सगळा संवाद संकेतस्थळाच्या संदेशपेटीत आणावा. धमकी लेखी असेल तर तिचा स्क्रीनशॉट काढून अभिप्राय प्रसिद्ध होण्यापूर्वीच मदत विभागाला कळवावे. एअरबीएनबीच्या नियमांत अशी सौदेबाजी स्पष्टपणे वर्ज्य आहे. तोंडी धमकीला पुरावा नसतो, म्हणून तिच्यानंतर लगेच ‘आपण आत्ता असे म्हणालात, आम्हाला ते मान्य नाही’ असा निरोप संदेशपेटीत लिहून ठेवावा. मात्र पाहुण्याची मागणी न्याय्य असेल, म्हणजे एसी खरोखरच रात्रभर बंद असेल, तर पैसे त्या कारणासाठी परत करावेत आणि अभिप्रायाचा विषयच काढू नये.

वाईट अभिप्राय काढून देतो किंवा पन्नास चांगले टाकून देतो असे सांगणाऱ्यांचे फोन आले तर ठेवून द्यावेत. त्यांच्याकडे काढून टाकण्याचा कोणताही खास अधिकार नसतो, आणि खात्याचा पासवर्ड किंवा ओटीपी दिलात तर प्रोफाइलच हातातून जाऊ शकते. पैसे गेलेच, तर १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब कळवावे.

वहीत उतरवा

सहा महिन्यांतून एकदा सगळे अभिप्राय एका बैठकीत वाचावेत आणि वहीत तीन रकाने करावेत : लगेच करण्यासारखे, पैसे साठवून करण्यासारखे, आणि न बदलण्यासारखे. तोच मुद्दा दोन अनोळखी पाहुण्यांनी लिहिला असेल तर तो खरा धरावा. तिसरा रकानाही मनापासून भरावा. एकाने जेवणात मांसाहार नाही म्हणून स्टार कापला, तर घराची रीत बदलायची नसते. वर्णनात ती ओळ अधिक वर आणायची असते. भाडे वाढवले की ‘पैशाच्या मानाने’ या सदरातले गुण घसरतात का तेही पाहावे, कारण तिथली घसरण इतर कुठल्याही रकान्यात दिसत नाही.

गौरी-गणपतीचे दिवस, घरचे लग्न, मुले सुट्टीला येतात तो डिसेंबरचा आठवडा, या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडरवर बंद करून टाकाव्यात. घेतलेले आरक्षण यजमानाने आयत्या वेळी रद्द करणे संकेतस्थळांना चालत नाही, सुपरहोस्टच्या अटींत तर रद्द होण्याचे प्रमाण एक टक्क्याहून कमी लागते. आणि रद्द न करता, घरात पंधरा माणसे जेवत असताना वरच्या मजल्यावरच्या पाहुण्याकडे कोणाचेही लक्ष न गेल्यास, त्या मुक्कामाचा अभिप्राय पुढचे कित्येक महिने यादीत सर्वांत वर दिसत राहतो.